भुलेश्वरचा पांजरापोळ आणि घरातला म्हातारा सोबती

चर्नी रोड स्थानकातून पूर्वेला बाहेर पडावे, गिरगाव ओलांडावे आणि सी. पी. टँकची वाट धरावी. समुद्राचा वारा मागे पडतो आणि दुकानांची दाटी सुरू होते. पितळी भांडी, बांगड्या, पूजेचे साहित्य, धार्मिक पुस्तके, लोणची-पापड, खोट्या दागिन्यांच्या झगमगत्या माळा. हातगाडीवाल्याची हाळी आणि हमालाच्या डोक्यावरची गाठ यांना वाट देत माणूस पुढे सरकतो. कावसजी पटेल यांच्या नावाचे तळे येथे पूर्वी होते. तळे बुजले, आद्याक्षरांपुरते नाव उरले. थोडे पुढे माधवबाग आणि तिच्या शेजारी, बाजाराच्या ऐन पोटात, पांजरापोळ.

आत पाऊल टाकताच बाहेरचा गलका ओसरतो. शेणाचा आणि ओल्या गवताचा वास येतो. गोठ्यांच्या रांगा, रवंथ करणाऱ्या गाई, आईला बिलगलेली वासरे, वर कबुतरांची फडफड. दुकान उघडण्यापूर्वी कोणी व्यापारी घासाची पेंढी घेऊन गाईपुढे धरतो, कोणी आजी नातवाचा हात धरून त्याच्या हाताने घास भरवते. जगात जमिनीचा भाव जेथे सर्वांत चढा मानला जातो अशा शहरांपैकी हे एक. आणि त्याच्या मध्यभागी एवढी जागा अशा प्राण्यांसाठी राखलेली आहे की ज्यांच्याकडून भाड्याचा एक पैसाही यायचा नाही. व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर हा तोट्याचा व्यवहार, आणि तो मांडला व्यापाऱ्यांनीच.

आज येथे नजर जाते ती गाईंकडे. त्यामुळे येणाऱ्या बहुतेकांना कल्पना नसते की या वास्तूच्या मुळाशी गाईपेक्षा कुत्रा अधिक आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या आरंभापासून मुंबईत उन्हाळ्याच्या दिवसांत भटकी कुत्री मारण्याचा सरकारी नियम होता. पिसाळलेल्या कुत्र्यांची भीती हे त्याचे कारण. मारलेल्या कुत्र्यामागे आठ आणे मिळत. आणि बक्षीस लागले की जे घडते तेच घडले. पिसाळलेले कोणते आणि शहाणे कोणते, गल्लीतले कोणते आणि घरातले कोणते, हा भेद उरला नाही. १८३२ साली ही मोहीम जूनमध्येही चालू राहिली. ६ जून हा पारशी समाजाचा पवित्र दिवस होता. त्या दिवशी कुत्री मारणाऱ्या शिपायांना जमावाने अडवले आणि मारहाण झाली. पारशी धर्माचारात कुत्र्याला मोठे स्थान आहे. मृतदेहाला कुत्र्याची दृष्टी पडावी असा त्यांचा ‘सगदीद’ नावाचा अंत्यविधी आहे. पण प्रश्न त्यांच्यापुरता राहिला नाही. दुसऱ्या दिवशी, ७ जूनला, कोटातील आणि बाहेरील बाजार बंद झाले. हिंदू आणि जैन व्यापारीही पारशी बांधवांच्या बाजूने उभे राहिले. कुलाब्याच्या लष्करी छावणीकडे जाणारी रसद अडवली गेली. अखेर सरकारने सैन्य बोलावले, धरपकड झाली, दंगा शमला. इतिहासात या घटनेची नोंद ‘मुंबईतील कुत्र्यांची दंगल’ अशी आहे.

दंगल शमल्यानंतर शहराच्या धुरिणांनी जे केले ते अधिक महत्त्वाचे. दगड उचलून दोन दिवस राग दाखवता येतो. पण गल्लीत फिरणाऱ्या जिवांचे रोजचे खाणेपिणे आणि दुखणेबाणे कोण पाहणार, हा प्रश्न दगडाने सुटत नाही. दोनच वर्षांनी, १८३४ मध्ये, मुंबईचा पांजरापोळ उभा राहिला. त्याच्या स्थापनेशी दोन नावे प्रामुख्याने जोडली जातात. एक जमशेदजी जीजीभाई, ज्यांना ‘सर’ ही पदवी त्यानंतर आठ वर्षांनी, १८४२ मध्ये मिळाली. दुसरे शेठ मोतीचंद अमीचंद, म्हणजेच आपल्या समाजात आजही आदराने घेतले जाणारे मोतीशा शेठ. शत्रुंजय पर्वतावर दरी भरून काढून ज्यांची टूक उभी राहिली, तेच हे मोतीशा. दोघेही चीनशी व्यापार करणारे, जहाजांचे आणि हुंड्यांचे हिशेब जाणणारे. तीर्थावर मंदिर बांधणारा हात आणि बाजारातल्या बेवारस कुत्र्यापुढे पाणी ठेवणारा हात एकच होता, ही गोष्ट विसरण्यासारखी नाही.

‘पोळ’ म्हणजे गुजरातेतील वेशीच्या आतली वस्ती, आणि ‘पांजरा’ म्हणजे पिंजरा. ही व्यवस्था मुंबईने गुजरातेतून आणली. महाजनांनी मालाच्या गाठीवर, पोत्यावर ठरावीक लागा बसवायचा आणि त्या उत्पन्नातून लंगडी, आंधळी, म्हातारी, टाकून दिलेली जनावरे पोसायची, अशी ही जुनी रीत. दया ही मनाच्या लहरीवर सोडलेली नव्हती. ती वहीत खाते घालून चालवली जात होती. चेंबूरजवळ वाहनचालक ज्या परिसराला आजही ‘पांजरापोळ’ म्हणून ओळखतात, तेही याच परंपरेचे चिन्ह. नाशिकसारख्या गावांतूनही असे पांजरापोळ उभे राहिले.

या संस्थेमागचा विचार एका वाक्यात सांगता येतो: उपयोग संपला म्हणून जीव संपत नाही. दूध आटलेली गाय, पाय मोडलेला बैल, दात पडलेले कुत्रे यांच्याकडून आता काही मिळायचे नाही, हे ठाऊक असूनही त्यांना त्यांच्या आयुष्याच्या शेवटापर्यंत सांभाळायचे.

परंतु या विचाराचा एक विपरीत अर्थही हल्ली लावला जाताना दिसतो. प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांच्या दारात कधीकधी असे कुत्रे सापडते की जे गल्लीत वाढलेले नसते. गळ्यात पट्टा असतो किंवा पट्ट्याचा घासलेला वण असतो. डोळ्यांत सारा पडलेला असतो, मागचे पाय थरथरत असतात. दरवाजा वाजला की ते मान वर करते. दहा-बारा वर्षे कोणाच्या तरी घरात राहिलेला हा जीव म्हातारा झाला म्हणून येथे आला. सोडणाऱ्यांपैकी अनेक जण दुष्ट नसतात. कोणी देणगीचे पाकीटही देऊन जातो, आणि आपण जिवाला मारले नाही, जीवदयेच्या ठिकाणी पोचवले, असे मनाचे समाधान करून घेतो.

सांगलीच्या हळदपेठेतील एखादे घर डोळ्यांसमोर आणावे. तीन पिढ्या एकत्र, खाली पेढी, वर राहणे. घरात राजा नावाचा कुत्रा. तेरा वर्षांपूर्वी पावसात भिजत पेढीच्या पायरीवर आला आणि राहिला. सकाळी अण्णांबरोबर खाली उतरायचे, गादीच्या कडेला बसायचे, काट्यावर पोती चढू लागली की दूर सरकायचे, ओळखीच्या हमालांपुढे शेपूट हलवायचे आणि अनोळखी माणसाला एकदा भुंकून अण्णांच्या तोंडाकडे पाहायचे. दिवाळीत वहीपूजन होईपर्यंत दाराशी आणि पहिला फटाका वाजला की आजीच्या कॉटखाली. त्याच्याबरोबर वाढलेली मुले आता कॉलेजात आहेत.

आता तो जिना उतरू शकत नाही. रात्री दोनला उठून खोल्यांतून फिरतो, कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. कधी जागेवरच लघवी होते. सकाळी सून निमूटपणे फरशी पुसते, पण तिचीही कंबर दुखते. अशा वेळी थोरला मुलगा एके दिवशी म्हणतो, “अण्णा, एखाद्या पांजरापोळात नेऊन सोडू या का? वर्षाचा खर्च आपण देऊ. तिथे त्याची सोय होईल.”

अण्णा काही बोलत नाहीत. जपाची माळ बाजूला ठेवत आजी म्हणते, “बाळ, ज्याला घर नाही त्याच्यासाठी पांजरापोळ असतो. ह्याला घर आहे.”

आजीच्या या उत्तरात एका जुन्या संस्थेचे सगळे मर्म आले. मोतीशा शेठांनी आणि जमशेदजींनी गल्लीतल्या बेवारस जिवाचे पालकत्व पत्करले. घरच्यांनी आपली जबाबदारी तेथे नेऊन उतरवावी, असा त्यामागे हेतू नव्हता. पांजरापोळाची परंपरा मानायची असेल, तर तिचा पहिला आचार घरात सुरू होतो. म्हाताऱ्या कुत्र्याची चटई ज्या कोपऱ्यात अंथरली जाते, तो कोपरा हाच त्याचा पांजरापोळ.

हे म्हणणे सोपे आणि निभावणे कठीण. म्हातारपण हा स्वतः रोग नसला, तरी त्याच्या आडून अनेक रोग येतात. आणि मुका जीव तक्रार करीत नाही म्हणून ते उशिरा कळतात. भुलेश्वरहून उत्तरेला परळच्या बाजूला गेले, की याच शहराने उभारलेला दुसरा आधार दिसतो. दानशूर उद्योगपती सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी पत्नी साकरबाई यांच्या नावाने उभारलेले प्राण्यांचे रुग्णालय तेथे आहे, आणि १८८६ मध्ये सुरू झालेले मुंबईचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही तेथेच. झाडांच्या सावलीत लोक आपापली जनावरे घेऊन बसलेले असतात. कोणाच्या मांडीवर टॉवेलात गुंडाळलेले पिल्लू, कोणाच्या पायाशी धापा टाकणारा म्हातारा कुत्रा. मोटारीतून आलेला आणि लोकलमधून आलेला, दोघेही एकाच रांगेत, एकाच काळजीने. पांजरापोळाने जिवाला आसरा द्यायला शिकवले. परळच्या या वास्तूने त्यात उपचाराची भर घातली. केवळ न मारणे म्हणजे दया नव्हे, तर होणारी वेदना ओळखून ती कमी करणे हेही दयेतच येते.

मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना सातव्या-आठव्या वर्षापासून वार्धक्य येऊ लागते, लहान जातींना आणखी काही वर्षांनी. सांध्यांची झीज हा सर्वांत सामान्य त्रास. कुत्रे विव्हळत नाही म्हणजे दुखत नाही असे नव्हे. जिन्याशी थबकणे, उठताना वेळ लागणे, एकच सांधा चाटत राहणे, हात लावताच मान फिरवणे, ही त्याची भाषा. पाणी एकाएकी जास्त पिऊ लागला तर मूत्रपिंड किंवा मधुमेह तपासावा. खाणे सोडले तर पोटाआधी दातही पाहावेत. रात्रीचे भटकणे आणि भिंतीकडे तोंड करून उभे राहणे हा हट्ट किंवा बाहेरची बाधा नव्हे; वृद्ध माणसाला जसा स्मृतिभ्रंश होतो, तसा तो कुत्र्यालाही होतो. अशा वेळी खोलीत मंद दिवा ठेवावा, सामानाची जागा बदलू नये आणि फिरण्याची व जेवणाची वेळ ठरलेली असावी. एवढ्यानेही त्याची घालमेल कमी होते.

घरच्या घरी करण्यासारख्या गोष्टी साध्या आहेत. गुळगुळीत फरशीवर सतरंजी किंवा रबराची चटई अंथरली की घसरणारे पाय स्थिर होतात. अन्नपाण्याचे भांडे थोडे उंचावर ठेवले तर मान वाकवावी लागत नाही. उठू न शकणाऱ्या कुत्र्याला दर काही तासांनी कुशीवर वळवले नाही, तर अंगाला जखमा होतात. मात्र माणसांची औषधे आपल्या मनाने कधीही देऊ नयेत. आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल अशा घरोघरच्या गोळ्या कुत्र्याच्या जिवावर बेतू शकतात. कुत्र्यांसाठीची वेदनाशामके वेगळी असतात आणि ती रक्त तपासून, डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच द्यायची असतात. कांदा-लसूण कुत्र्याला घातक असतात, तेव्हा जैन घरातला कुत्रा त्या बाबतीत आपोआप सुरक्षित. पण बेदाणे आणि द्राक्षेही त्याच्या मूत्रपिंडांना अपाय करतात, हे प्रसादाचा शिरा पुढे सरकवताना लक्षात राहत नाही. आहाराचाही प्रश्न आपल्या घरांतून येतो. नीट आखलेल्या शाकाहारावर कुत्रा जगू शकतो. मात्र म्हातारपणी तो आहार अंदाजाने न देता डॉक्टरांना विचारून ठरवावा.

घरात चौविहार पाळला जात असेल आणि कुत्र्याचे औषध रात्री नऊला अन्नाबरोबर द्यायचे असेल, तर कोणी द्यायचे? हा प्रश्न वरवर लहान, पण तो घराला आपल्या आचाराचा अर्थ विचारतो. सांगलीच्या त्या घरातली आजी स्वतः सूर्यास्तानंतर पाणीही घेत नाही, आणि तीच रात्री वाटीत चार घास कालवून त्यात गोळी दडवते. व्रत तिचे आहे, भूक राजाची आहे. आपले व्रत दुसऱ्याच्या भुकेवर लादायचे नसते, एवढे तिला पोथी न उघडता कळते.

याच सूत्राच्या आधारे त्याहून अवघड प्रश्नाकडे पाहता येते. दुखणे बरे होणारे नाही असे कळल्यावर कधी डॉक्टर दयामरणाचा पर्याय सांगतात. जैन घरात हा शब्द उच्चारला की सगळे गप्प होतात. कोणी सल्लेखनेचे नाव काढते. परंतु सल्लेखना हे जागृत मनाने स्वतः घ्यायचे व्रत आहे. ते दुसऱ्याच्या वतीने कोणी घेऊ शकत नाही, मग तो दुसरा कितीही प्रिय असो. म्हणून बहुतेक श्रावक घरे जीव घेण्याचा मार्ग नाकारतात. मात्र हा नकार देणाऱ्यावर दुप्पट जबाबदारी येते. ‘आम्ही मारणार नाही’ असे म्हणायचे आणि वेदनेकडे पाठ फिरवायची, ही अहिंसा नव्हे. वेदनाशामक औषध वेळेवर देणे, जखमा स्वच्छ ठेवणे, धाप लागल्यास तिच्यावर उपचार करणे, रात्र जागणे, हे सारे त्या नकाराची किंमत म्हणून मनापासून मोजावे लागते. आणि एखाद्या कुटुंबाने असह्य यातना पाहून, डॉक्टरांशी विचार करून, जड मनाने वेगळा निर्णय घेतला असेल, तर त्याच्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार शेजाऱ्याला नाही. त्या घराने ती रात्र कशी काढली, हे बाहेरच्याला ठाऊक नसते.

अखेरच्या दिवसांत कुत्रे बहुधा अन्न नाकारते. त्यामागे बरा होणारा आजार नाही याची डॉक्टरांकडून खात्री झाली, की बळजबरीने घास कोंबू नये. ओठ ओले करावेत, अंगावर पातळ पांघरूण घालावे, जवळ बसावे. ओळखीचा आवाज आणि ओळखीचा हात यांचा दिलासा त्याला शेवटपर्यंत होतो.

या घडीसाठी जैन कथापरंपरेने एक फार सुंदर उदाहरण दिले आहे. वादीभसिंहांच्या ‘क्षत्रचूडामणी’त राजपुत्र जीवंधराची कथा येते. यज्ञाच्या अन्नाला तोंड लावले म्हणून एका कुत्र्याला लोकांनी बेदम मारले. जीवंधर तेथे पोचला तेव्हा ते मरणाच्या दारात होते. वाचवण्याचा उपाय उरला नव्हता. तेव्हा राजपुत्र त्याच्याजवळ धुळीत बसला आणि त्याच्या कानात त्याने णमोकार मंत्र म्हटला. तो जीव शांतपणे गेला आणि सुदर्शन नावाचा यक्ष झाला. पुढे संकटकाळी तोच जीवंधराच्या मदतीला आला. आचार्य समंतभद्रांनीही ‘रत्नकरंडक श्रावकाचारा’त धर्माचा महिमा सांगताना उदाहरण निवडले ते कुत्र्याचेच: धर्माने कुत्राही देव होतो आणि पापाने देवही कुत्रा होतो. कुत्रा हा मन असलेला पंचेंद्रिय जीव आहे. भय, माया, विश्वास त्याला कळतात, हे आपल्या शास्त्रांनी फार पूर्वीच मान्य केले आहे. म्हणून सांगलीतली आजी राजाच्या कानाशी वाकून जेव्हा णमोकार म्हणते, तेव्हा ती भाबडेपणा करीत नसते. ती एका राजपुत्राच्या पावलावर पाऊल ठेवीत असते.

मग एक दिवस घर रिकामे होते. माणूस गेला तर समाजाकडे रीत आहे: लोक येतात, बसतात, घरात चूल पेटत नाही म्हणून शेजारून जेवण येते, बाजारात दोन दिवस पेढी बंद राहते. कुत्र्याला सुतक नाही. दुसऱ्या दिवशी दहाला दुकान उघडावे लागते. भाव विचारणाऱ्याला भाव सांगावा लागतो. गादीच्या कडेची जागा रिकामी दिसते, आणि सौदा करता करता अण्णांचा हात सवयीने खाली जातो. ‘कुत्र्यासाठी काय एवढे?’ हे वाक्य कोणी बोलले नाही तरी ऐकू येते. दुःखापेक्षा या दुःखाला जागा नसणे अधिक बोचते. घरातली मुले रडतात तेव्हा त्यांना ‘दुसरे पिल्लू आणू’ असे लगेच सांगितले जाते, आणि त्यातून ती नकळत शिकतात, की जिवाच्या जागी जीव ठेवता येतो.

शोक करणे म्हणजे धर्मात उणे पडणे, अशीही कित्येकांची समजूत असते. श्वेतांबर परंपरेत सांगितली जाणारी गौतमस्वामींची कथा येथे आठवावी. भगवान महावीरांच्या निर्वाणाची वार्ता कळली तेव्हा एवढ्या थोर गणधरांनीही विलाप केला. त्या विलापातून जाताना त्यांनी आपल्या मनातला राग, म्हणजे आसक्ती, ओळखला आणि त्याच रात्री त्यांना केवलज्ञान झाले. अश्रू आले म्हणून वाट बंद झाली नाही. सामान्य श्रावकाला त्या उंचीचा दावा करता येत नाही. पण रडल्याची लाज वाटू नये, एवढे तरी त्यातून घेता येते. अनित्य भावना पाठ असणे आणि रिकामी चटई पाहून ती कळणे, यांत अंतर आहे. ते अंतर हळूहळूच कापले जाते.

त्यासाठी काही लहान कृत्ये उपयोगी पडतात. देहाची व्यवस्था सन्मानाने करणे हे पहिले. मुंबई महापालिकेने मालाड येथे लहान प्राण्यांच्या दहनाची सोय केली आहे. इतर गावांत नगरपालिकेकडे चौकशी करावी किंवा स्वतःच्या शेतात खोल खड्डा घेऊन दफन करावे. मुलांपासून मृत्यू लपवू नये. ‘गावाला पाठवला’ असे खोटे सांगितले, तर ती वाट पाहत राहतात. उरलेली औषधे, चटई, भांडी एखाद्या प्राणिसेवा करणाऱ्या संस्थेला द्यावीत. आणि काही आठवडे त्या सोबत्याविषयी घरात मोकळेपणाने बोलावे. त्याच्या खोड्या सांगून हसावे.

अशा स्मरणाला या भूमीत जुना आधार आहे. श्रवणबेळगोळच्या यात्रेला निघालेली कितीतरी कुटुंबे बंगळूरमार्गे जातात. तेथील शासकीय संग्रहालयात एक शिळा आहे. ती मूळची मंड्या जिल्ह्यातील आतकूर गावची, शके ८७२ ची, म्हणजे इसवी सनाच्या दहाव्या शतकाच्या मध्याची. तिच्यावर कन्नड लेख आहे, आणि चित्र आहे ते एका कुत्र्याचे आणि रानडुकराचे. तक्कोलमच्या युद्धात पराक्रम केलेल्या मणलेर नावाच्या वीराला त्याचा स्वामी, गंग राजा बूतुग, याने काय हवे ते मागायला सांगितले. मणलेराने बूतुगाचे ‘काळी’ नावाचे कुत्रे मागितले. पुढे शिकारीत त्या कुत्र्याची रानडुकराशी झुंज झाली आणि दोघेही मेले. मणलेराने गावच्या मंदिरासमोर ही शिळा उभी केली आणि तिच्या पूजेसाठी जमीन लावून दिली.

शिकारीचे कौतुक अहिंसेच्या उपासकाला करता येणार नाही. त्या झुंजीत डुकराचाही जीव गेला. पण शिळेसमोर उभे राहिले की शिकार मागे पडते आणि माणूस दिसतो. त्याने बक्षीस म्हणून एक कुत्रे मागून घेतले, आणि ते गेल्यावर त्याचे नाव दगडावर कोरले. ज्या गंग घराण्याच्या राजवटीत पुढे चामुंडरायांनी बाहुबलींची मूर्ती उभारली, त्याच राजवटीत ही शिळाही उभी राहिली. एकीकडे सर्व संग सोडून निश्चल उभे असलेले बाहुबली, दुसरीकडे एका मुक्या सोबत्याचा संग सुटला म्हणून व्याकूळ झालेला वीर. यात्रेकरू पहिल्याला वंदन करतो. पण दुसऱ्याचे मन त्याला परके वाटत नाही.

मणलेराने पूजेसाठी जमीन लावून दिली. व्यापारी घराला त्याच्याच रीतीची गोष्ट जवळची आहे. अनेक पांजरापोळांत तिथी लिहिण्याची प्रथा असते: आप्ताच्या स्मरणार्थ वर्षातील एका दिवसाच्या घासाचा खर्च द्यायचा. सांगलीच्या त्या घराने पर्युषणात आपल्या वहीच्या जीवदया खात्यावर एक रक्कम लिहावी, आणि तपशिलाच्या रकान्यात ‘राजाच्या स्मरणार्थ’ एवढे दोन शब्द घालावेत. जो जीव घरात होता, त्याची सेवा घरातच पुरी केली. आता ज्याला घर नाही, त्याच्यासाठी त्याच्या नावाने घास. अशी देणगी जबाबदारीतून सुटण्याची किंमत ठरत नाही. पार पाडलेल्या जबाबदारीतून ती आपोआप उमलते.

भुलेश्वरच्या त्या अंगणात रोज सकाळी अशा कितीतरी जिवांच्या नावाने घास पडत असतो. बाहेर बाजार उघडत असतो, कुलपे निघत असतात, दिवसाची पहिली बोहनी होत असते.